जिन्यातली जोखीम

परभणी
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आक्कास,
महारुद्रचा साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी तुला सोसायटीच्या विम्याची अथपासून इतिपर्यंत माहिती दिली. तू सगळ्याला 'हां, हां' म्हणालीस आणि शेवटी विचारलंस, "मग जावळ कधी ठेवलंय?" तेव्हाच ठरवलं, तुझ्याशी व्यवहाराचं बोलणं यापुढे कागदावर. आपल्याच अपार्टमेंटमधले धम्मानंद सर वालूरच्या शाळेवर रोज जाऊन-येऊन करतात. त्यांच्या बॅगेतून गेलेलं पत्र पोस्टापेक्षा लवकर आणि तुझ्या कानापेक्षा चोख पोचेल.

तर, आपल्या पूर्णाछाया अपार्टमेंटच्या इमारतीचा विमा निघाला. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या इमारतीची टाकी गच्चीवरून खाली आली, तेव्हापासून मी मागे लागलो होतो. एजंट म्हणाला, "काका, सगळं इंग्रजीत आहे, तुम्ही फक्त सही करा." मी म्हणालो, "बाबा, पाण्याच्या मोटारीत तार भरायला मला कुणी शिकवलं नाही. जळालेल्या मोटारी उघडून उघडून शिकलो. हेही उघडून बघतो." डिक्शनरी घेऊन बसलो आणि ओळ न् ओळ मराठीत आणली. 'रिस्क'पाशी एजंट म्हणाला, रिस्कच लिहा, सगळ्यांना कळतं. का म्हणून? आपल्या भाषेत राजरोस शब्द असताना उसना कशाला आणायचा? जिन्याच्या तोंडाशी पाटी लावून ऑइलपेंटनं स्वतः लिहिलं:

'सामायिक जागेतील जोखीम कंपनीकडे. फ्लॅटच्या दाराच्या आतील जोखीम ज्याची त्याने सांभाळावी.'

सामायिक म्हणजे जिना, गच्ची, टाकी, मोटार, मीटरची जागा. तिथं काही झालं तर कंपनी भरून देणार. दाराच्या आत मात्र कंपनी पाय ठेवत नाही. आक्का, तुझा फ्लॅट वर्षातून निम्मा काळ बंद असतो, म्हणून तुझी जोखीम सगळ्यांत जास्त. तिची काहीतरी व्यवस्था कर. चालढकल करू नकोस.

कंपनीच्या माणसानं सांगितल्याप्रमाणे जिन्याखाली मीटरच्या शेजारी वाळूच्या चार लाल बादल्या टांगल्या आहेत. वाळू मी दुधना नदीची आणवली आणि स्वतः चाळून भरली. बादलीला कुणी हात लावायचा नाही, अशी सगळ्यांना सक्त ताकीद आहे.

चांगुणा नमस्कार सांगते. हरभरा निघाला की ये.

तुझा,
महारुद्र

०

वालूर
२५ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव महारुद्र यास सगुणाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आन् त्या दिवसापासून डोळ्याला डोळा न्हाई. दाराच्या आतली जोखीम ज्याची त्यानं सांभाळावी म्हंतोस, आन् दाराच्या आत कोण हाय? कुलूप आन् पाली. माझी एकटीची असती तर एवढा घोर नसता, पण लेकीची, नीलमची, जोखीम माझ्यापाशी हाय. आई जाताना मला हेच बोलली होती, पोरी, जोखीम उघड्यावर टाकू नको. म्हणून शनिवारी येऊन गेले. तू येलदरीला मोटारीच्या कामावर गेला होतास. चांगुणानं च्या पाजला. तिला काई बोलले न्हाई. लय गुणाची बाई हाय, पण तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. राग धरू नको.

तू लिवलंस तसंच केलं. दाराच्या आत आता काई न्हाई. समदी जोखीम कंपनीकडं दिली. कंपनीची आन् कुणी हात लावत न्हाई अशी जागा तिथं एकच. जास्ती लिवत न्हाई, पत्र कुणाच्या हाती लागंल सांगता येत न्हाई. तू हुशार हाईस, तुला कळंल.

दुसरं म्हंजे, नीलमच्या नणंदेचं, सृष्टीचं, लग्न अक्षय तृतीयेला धरलंय. गंगाखेडहून किशनराव इवायांचा निरोप आलाय, की आम्ही सुनंला घातलेल्या पाटल्या आन् हार आता लेकीच्या अंगावर घालायचेत, लग्नाच्या आदी आणून द्या. नीलमनं ते माझ्याकडं ठेवायला दिलेत, तुला ठावंच हाय. येळेवर पोचलं न्हाई तर त्या घरात "सासरचं सोनं माहेरी जिरवलं" म्हणायला कितीक येळ लागतो? पोरीला जन्मभर खाली मान घालावी लागंल. म्हणून सुगी झाली की मी येते आन् घेऊन जाते.

तुझी,
आक्का

०

परभणी
२ मार्च २०२५

तीर्थरूप आक्कास,
साष्टांग नमस्कार.

शाब्बास! एवढ्या फ्लॅटवाल्यांत माझं म्हणणं समजून वागलेली तू एकटी. एजंटाला गाठून तू घराच्या आतला वेगळा विमा काढलास, हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. तो लबाड मला बोलला नाही, पण ते लोक कमिशनचं बोलत नसतात. फक्त एक दुरुस्ती. नीलमची जोखीम तुझ्याकडे लागत नाही. लग्न झालेली मुलगी सासरच्या घरात मोजतात. विम्यात असल्या बारकाव्यांना फार महत्त्व असतं. पाटल्यांचं मात्र वेळेवर बघ. किशनराव माणूस तोंडानं गोड आणि हिशोबानं कडू.

इथली गंमत सांगतो. पहिल्या मजल्यावरच्या दगडाबाई हल्ली भर दुपारी अंगावर सगळे दागिने घालून जिन्यात बसतात. गळ्यात बोरमाळ, दंडात वाक्या, आणि पुढ्यात निवडायला तांदूळ. मी म्हणालो, "मावशी, कुणाच्या लग्नाला निघालात?" तर म्हणाल्या, "लग्न कशाचं? तुमचीच तर पाटी हाय." वय झालं की माणूस असं बोलतं. मी मान हलवली आणि पुढे गेलो.

तुझा,
महारुद्र

०

परभणी
२४ मार्च २०२५

तीर्थरूप आक्कास,
साष्टांग नमस्कार.

आधी हे वाच: सगळे सुखरूप आहेत. तुझ्या फ्लॅटला धुरापलीकडे काही झालेलं नाही. आता सांगतो.

काल रविवारी दुपारी जेवायला बसलो होतो. खालून दगडाबाई ओरडल्या, "आगं बाई, मीटर पेटलं!" धावलो. मीटरच्या बोर्डातून हिरवट ज्वाळा आणि काळा धूर. वायरवरचं प्लास्टिक जळालं की असा घशाला चावणारा धूर निघतो. दगडाबाई त्या धुरात दोन्ही हातांनी बोरमाळ धरून उभ्या, जागच्या हलेनात. धम्मानंद सरांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. कुणी तरी पाण्याची घागर घेऊन आलं. मी ओरडलो, "पाणी नको! विजेची आग आहे, वाळू टाका!" आधी मेन स्विच पाडला आणि मग बादल्यांना हात घातला. माझी चाळलेली, कोरडी वाळू! पहिली बादली टाकली, दुसरी टाकली. तिसरी हाताला जड लागली. मनात म्हटलं, माझ्या वाळूत खडे राहिले कसे? पण ती वेळ विचाराची नव्हती. अंगातलं सगळं बळ लावून थेट बोर्डाच्या बुडाशी भिरकावली. आतून खण्णकन आवाज आला. मीटरची पट्टी तुटून पडली असणार, कारण माझ्या वाळूत खण्ण वाजण्यासारखं काही असूच शकत नाही.

चौथ्या बादलीनं आग विझली. सर म्हणाले, "महारुद्रराव, तुमच्या बादल्यांनी इमारत वाचवली." माझी छाती फुगली.

आता तिथं वाळू, राख आणि जळकं सामान यांचा ढीग आहे. कंपनीचा माणूस बघून जाईपर्यंत त्यातला कणही हलता कामा नये, असा नियम आहे. मी चारी बाजूंनी दोरी बांधली आहे. घंटागाडीवाला उचलायला आला होता, त्याला हाकलून लावलं. सामायिक जागेतलं नुकसान आहे, कंपनी भरून देणार. बघितलंस? मी म्हणत होतो ते खरं झालं.

तुझा,
महारुद्र

०

वालूर
२४ मार्च २०२५, दुपार

महारुद्रा,

तिसरी बादली. भिताडाकडची का?

अरे देवा, तू काय केलंस? तुझ्या पत्रातलं "खण्णकन" वाचलं आन् मी जात्यापाशी मटकन बसले. सूनबाई धावत आली, "आत्याबाई, काय झालं?" मी म्हटलं, चक्कर आली. फोनवर वरडून सांगायची ही गोष्ट न्हाई. इथं भिंतींना कान हाईत, माझेच तेवढे न्हाईत. धम्मानंद गुरुजींना शाळा सुटंस्तोवर थांबवून घेतलंय. त्यांच्या हातून हे पत्र देते, त्यांना बी काई सांगितलं न्हाई.

ती पट्टी नव्हती. माझा मिसरीचा डबा होता. त्याच्यात नीलमच्या पाटल्या, हार आन् आईनं मला दिलेली पुतळ्यांची माळ. तूच लिवलंस ना, जिन्यातली जोखीम कंपनीकडं, दाराच्या आतली ज्याची त्याची? तूच लिवलंस ना, बादलीला कुणी हात लावत न्हाई? मी दुपारच्या पारी जिन्याखाली बसून वाळूत कोपरापातूर हात घालून डबा पुरला. वर वाळू सारखी केली. वाटलं, भावानं एवढं शिकून-सवरून सांगितलंय, आता कंपनी बघून घेईल.

आता काय सांगू मी नीलमला? काय सांगू इवायांना? डबा बादलीत ठेवला म्हणू? कोण इस्वास ठेवील? माहेरी जिरवलं, हेच म्हणतील. माझ्या पोरीनं त्या घरात बारा बोलणी गिळून जागा केलीया रे.

त्या ढिगाला कुणाचा हात लागू देऊ नको. बघ. बघून लगेच कळव. मी उंबऱ्यात बसले.

आक्का

०

परभणी
२५ मार्च २०२५

तीर्थरूप आक्कास,

नमस्कार. हे पत्र एका दमात वाचू नकोस. आधी पाणी पी.

तुझं पत्र काल संध्याकाळी सरांनी हातात दिलं. मी जिन्यातच उभ्यानं वाचलं. समोर माझीच पाटी होती. जोखीम. मी ती पन्नास वेळा वाचली असेल, पण काल पहिल्यांदा तुझ्या डोळ्यांनी वाचली. आई सांदीतलं गाठोडं दाखवून "ही जोखीम हाय" म्हणायची, ते मी कसं विसरलो? डिक्शनरीत शब्द शोधत बसलो आणि घरातला शब्द राहून गेला. दगडाबाईंच्या दारावर थाप मारली. "मावशी, जोखीम म्हणजे काय?" त्या म्हणाल्या, "सोनंनाणं. दुसरं काय असतं? म्हणून तर मी दागिने घालून जिन्यात बसते. घरात चोरी झाली तर माझी, जिन्यात झाली तर कंपनीची." आक्का, त्या आगीत त्या जागच्या का हलत नव्हत्या, हे मला काल समजलं. एक पाऊल आत टाकलं असतं तर जोखीम त्यांची झाली असती. म्हातारी माझ्या पाटीपायी धुरात उभी होती.

मी बांधलेली दोरी मीच ओलांडली. कंपनीला जे म्हणायचं ते म्हणो. सरांना साक्षीला उभं केलं आणि तो ढीग माझ्या त्याच चाळणीनं चाळायला बसलो. आधी झाकण सापडलं, चेपलेलं. मग डबा, तोंड उघडं. आतलं सगळं बोर्डाच्या बुडाशी सांडलं होतं, जिथं आग सगळ्यांत जास्त होती तिथं. माळेचा दोरा जळालेला, पुतळ्या सुट्या झालेल्या. एकेक वेचली. मग हार, मग पाटल्या. सगळं मिळालं, आक्का. एकही वस्तू गेली नाही.

सर म्हणाले, "महारुद्रराव, वाचलो!" मीही तेच म्हणणार होतो. पण तेवढ्यात पाटली हातात घेतली.

पुतळ्यांवर काजळी होती. धोतराच्या सोग्यानं पुसली तर आत पिवळं धमक. पाटल्या पुसल्या तर काळ्या. पुन्हा पुसल्या तरी काळ्या. कडेला हिरवी झाक. मी जन्मभर जळालेल्या मोटारींच्या तारा उपसतोय. जळालेलं तांबं मला अंधारात नुसत्या बोटांनी कळतं. तरी मनाला पटेना. वर घेऊन गेलो. चांगुणानं काही न विचारता चिंचेचा कोळ लावला आणि घासली. काळं निघालं, खालून गुलाबी निघालं. ती पाटली माझ्यापुढे धरून म्हणाली, "अहो, ही तर माझ्या पाण्याच्या घागरीसारखी निघाली!" मग तिनंच तोंडावर हात ठेवला.

हारही तसाच. वर मुलामा होता, तो आगीनं खाल्ला. एकाच डब्यातल्या, एकाच आगीतून गेलेल्या वस्तू. आईची माळ सोन्याची निघाली आणि किशनरावांनी भरमांडवात, वाजंत्री थांबवून, सगळ्यांना दाखवून घातलेलं तांब्याचं.

आता मला भीती वेगळीच वाटते. हे आपण त्यांना दाखवलं तर ते काय म्हणतील? 'खरं काढून घेतलं आणि खोटं ठेवलं.' सर साक्षीला आहेत, पण सर तुझे शेजारी. दाखवलं नाही तर 'जिरवलं'. दाखवलं तर 'बदललं'. यातून बाहेर पडायचा रस्ता मला कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. तू सांगशील ते करीन. डबा माझ्या कपाटात आहे. हो, दाराच्या आत.

पाटी मी आज सकाळीच उतरवली. नवी लिहिली: 'जिन्यातलं नुकसान कंपनी भरून देईल. घरातलं नुकसान ज्याचं त्यानं बघावं. दागिन्यांचा इथं काही संबंध नाही.' दगडाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मग हे आदीच लिवायचं की रे भाड्या."

बरोबर बोलल्या.

महारुद्र

०

वालूर
४ मे २०२५

चिरंजीव महारुद्र यास अनेक आशीर्वाद.

लग्नाच्या गडबडीत तुला यायला जमलं न्हाई, ते बरंच झालं. तू असतास तर तोंड उघडलं असतंस. म्हणून समदं लिवून कळवते.

तुझ्याकडून डबा घेऊन मी आदी नीलमला एकटीला गाठलं. गंगाखेडला नदीवर, घाटाच्या पायरीला. डबा उघडून तिच्या पुढ्यात धरला. वाटलं, पोर छाती बडवून घेईल. तर ती म्हणाली, "आई, मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. पाटलीखाली मनगट हिरवं व्हायचं." म्हटलं, आगं मग बोलली का न्हाईस? तर म्हणाली, "कुणाला बोलू? ह्यांना ठाऊक न्हाई, सासूबाईंना ठाऊक न्हाई. मामंजींच्या एकट्याच्या पोटातली गोष्ट हाय. हे घालून मी कुणाच्या पुढं जावं आन् कुणी ओळखावं, म्हणून तर तुझ्याकडं ठेवलं." इतकी वर्सं मी तिची जोखीम राखत होते, आन् ती पोर सासऱ्याची अब्रू राखत होती.

मग हळदीच्या दिवशी मांडवात बायका-पुरुष समदे बसलेले. चतुराबाई इहीण भर लोकांत म्हणाल्या, "काय इहीणबाई, आमच्या पाटल्या आणल्या का माहेरात इसरल्या?" बायका हसल्या. नीलम तिथंच हळद कालवत होती, तिचा हात थांबला. मी उठले, डबा किशनरावांच्या हातात दिला आन् म्हटलं, "आणल्या की. जरा आगीतून जाऊन आल्यात, इवाई. तुमच्या तुमी बघून घ्या."

त्यांनी झाकण उघडलं. पाटली घासलेली आन् गुलाबी तशीच वर ठेवली होती मी. त्यांचं तोंड तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसं झालं. मला वाटलं, आता म्हणणार, तुमीच बदललं. तोंड उघडलं बी होतं त्यांनी. तेवढ्यात नीलम हळदीच्या हातानं पुढं आली आन् बारक्या आवाजात म्हणाली, "मामंजी, माझं मनगट दुसऱ्याच वर्षी हिरवं झालं होतं." बस, एवढंच. मला ऐकू आलं न्हाई, पण तिचे ओठ मला वाचता येतात.

किशनरावांनी झाकण लावलं. उभे राह्यले. घसा साफ केला आन् समद्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलले, "सुनंला घातलेलं सोनं आमच्या घराण्यात परत घेत नसतात! ज्याचं त्याला शोभून दिसतं." आन् डबा माझ्या हातात परत दिला. लोक म्हणायला लागले, वा किशनराव, माणूस असावा तर असा. धा जणांनी मान डोलावली. मी बी डोलावली. काय करू?

पण चतुराबाईंनी मान डोलावली न्हाई. त्या नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होत्या. मग हळूच त्यांनी आपल्या हातातली पाटली मनगटावर वर सरकवली, आन् तिच्या खालची जागा बघायला लागल्या. पदराच्या आड, पुन्हा पुन्हा. रुद्रा, ती बाई लगीन होईस्तोवर तेच करत होती. मला तिचा एवढा राग होता, पण त्या घडीला माझंच पोट तुटलं.

दुसऱ्या दिवशी सृष्टीच्या पाटल्या सराफाकडून आल्या. पावती सुद्धा चतुराबाईंनी मागून घेतली. नीलमच्या गळ्यात आईची पुतळ्यांची माळ होती, नव्या दोऱ्यात ओवलेली. किती उठून दिसायली म्हणून सांगू!

त्या काळ्या पाटल्या आन् हार गुरुजींच्या बॅगेतून तुझ्याकडं पाठवते. नीलम म्हणाली, मोडून टाक. पण मोडून काय येणार? तू नव्या बादल्या भरल्यास म्हंतात ना? तिसरीत घाल. उद्या पुन्हा मीटर पेटलं तर वजनाला बरं पडंल, नेम चुकणार न्हाई.

आन् ह्या खेपेला खण्णकन वाजलं तर दचकू नको. ती कंपनीची जोखीम हाय.

तुझी,
आक्का